कोंबडीने पाऊस खाल्ला : पीआरए शिकतानाचे सोळा महिने

नऊ वर्षं मी छत्रपती संभाजीनगरला एका संस्थेच्या ऑफिसात एमआयएस, म्हणजे प्रकल्पांच्या आकडेवारीची नोंद, सांभाळतेय. तालुक्यांतून आलेले तक्ते एक्सेलमध्ये भरायचे, बेरजा जुळवायच्या आणि तिमाही अहवालात 'उद्दिष्ट साध्य' असं लिहायचं. ज्या गावांची बेरीज करत होते त्यातली चार-पाच सोडली तर मी पाहिलीसुद्धा नव्हती. मग सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाचा, म्हणजे सगळे ज्याला नुसतं पीआरए म्हणतात त्या, गावाची माहिती गावकऱ्यांनीच नकाशे-तक्ते काढून मांडायच्या पद्धतीचा, अभ्यासक्रम करायचं ठरवलं. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम मला सोळा महिने पुरला. ऑफिसातल्या दोघी यंदा अर्ज भरतायत आणि रोज काहीतरी विचारतायत, म्हणून सगळं क्रमानेच लिहून काढते.

जून २०२३ मध्ये अर्ज केला. दोन शिफारसपत्रं, ऑफिसचं ना हरकत प्रमाणपत्र आणि एका पानाचं टिपण, विषय : 'गावाबद्दल मला काय माहीत नाही'. मी आठ ओळी लिहिल्या. अर्ज परत आला, 'टिपण अपुरे' असा शेरा मारून. तेव्हा राग आला होता. दुसऱ्या खेपेला दोन पानं भरली. ना हरकत प्रमाणपत्रालाच पाच आठवडे लागले, कारण सही करणारे साहेब दौऱ्यावर आणि त्यांच्याऐवजी सही कोण करणार हे कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा हा कागद सगळ्यात आधी मागा. फी तेव्हा ८,५०० होती, राहणं-जेवण दिवसाला ३५० रुपये.

५ ते १४ ऑक्टोबर असे दहा दिवस पुण्याजवळ वर्ग झाला. पहिल्या दोन दिवसांत इतिहास. आधी बाहेरच्या तज्ज्ञांनी गावात येऊन झटपट माहिती काढायची पद्धत होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिचं रूप पालटलं, आणि त्यात भारताचा वाटा मोठा, कर्नाटकात मायराडा ही संस्था आणि गुजरातेत आगाखान ग्रामसमर्थन कार्यक्रम यांनी गावकऱ्यांकडूनच नकाशे काढून घ्यायला सुरुवात केली. ससेक्स विद्यापीठातले रॉबर्ट चेंबर्स यांनी हे सगळं लिहून, बोलून जगभर नेलं. 'काठी हाती द्या' हे त्यांचं सांगणं, म्हणजे जमिनीवर रेघ ओढायची काठी बाहेरच्याने स्वतःकडे ठेवायची नाही.

ऐकायला सोपं वाटतं. चौथ्या दिवशी जवळच्या वाडीत सराव होता. एक आजोबा विहीर चुकीच्या जागी दाखवतायत असं वाटून मी खडू घेतला आणि दुरुस्त केली. आमच्या प्रशिक्षक बाई काही बोलल्या नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी मला ती विहीर दाखवली. आजोबांची बरोबर होती. त्या दिवसापासून माझे हात पाठीमागे बांधलेले असत. ही युक्ती खरंच चालते. हात पुढे असले की ते काहीतरी करायला बघतातच.

अभ्यासक्रमाचा दुसरा भाग म्हणजे एका पूर्ण झालेल्या प्रकल्पाचं गावासोबत मूल्यमापन. मला मिळालं बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातलं एक गाव, बालाघाटच्या डोंगरातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे एका कंपनीच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीतून पाणलोटाचं काम झालेलं होतं. डोंगरावर सलग समतल चर, ओढ्यावर दोन सिमेंट बंधारे, आणि बचत गटातल्या १४ जणींना शेळ्या. पैसे देणाऱ्यांना ठरलेल्या निकषांवर अहवाल हवा होता : गरजेला धरून होतं का, परिणामकारक होतं का, खर्च वाजवी होता का, टिकेल का, वगैरे.

गावात काम करायचं तर ग्रामपंचायतीचं पत्र लागतं. ग्रामसेवकांकडे तीन गावं, आमच्या गावाला मंगळवार आणि शुक्रवार. पहिल्या मंगळवारी ते पंचायत समितीत मीटिंगला. शुक्रवारी भेटले, पण सरपंचांचं लेटरहेड संपलेलं. तिसऱ्या फेरीत पत्र मिळालं, २८ नोव्हेंबरला. माझ्या अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ठेवला होता म्हणून. नाहीतर 'अर्ज कधी दिला?' इथूनच पुन्हा सुरुवात झाली असती. बसचा खर्च मात्र निम्मा झाला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि या सोळा महिन्यांत त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच शिष्यवृत्तीचा झाला नसता.

८ जानेवारी २०२४ ला गावात मुक्कामाला पोचले. हवा छान, रस्ता कोरडा, ओढ्यात अजून थोडं पाणी. दर तीन-चार घरांमागे एकाला कुलूप होतं, ते दिसलं, पण मी मनावर घेतलं नाही. शेतात गेले असतील म्हटलं.

मारुतीच्या पारासमोर नकाशा काढायला बसलो. वीसेक पुरुष, चार म्हाताऱ्या, शाळा बुडवून आलेली पोरं. रांगोळी, विटकर, कोळसा, पाला असं सगळं आणून दिलं आणि हात मागे घेतले. दीड तासात नकाशा तयार. देऊळ, शाळा, दोन्ही बंधारे अगदी ठसठशीत, विहिरी निळ्या रांगोळीच्या, कुणाच्या विहिरीला किती परस पाणी तेही. मला फार भारी वाटलं. फोटो काढले, ब्राऊन पेपरवर उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी हंगामी कॅलेंडर. मी जमिनीवर बारा चौकटी आखल्या, जानेवारी ते डिसेंबर. (हो, पुन्हा मीच आखल्या.) एका अण्णांनी पायाने माझा जानेवारी पुसला आणि म्हणाले, "वरीस पाडव्यापासून लागतंय, मॅडम." पावसाला तर महिनेही चालेनात, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशा नक्षत्रांच्या चौकटी पडल्या आणि प्रत्येकीत पावसाच्या मानाने ज्वारीचे दाणे टाकायचे ठरलं. २०२३चा पाऊस कसा होता ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. दाणे थोडेच होते. मी वहीत नोंद करायला वळले, तेवढ्यात मागून एक कोंबडी आली आणि आश्लेषा-मघा टिपून गेली. सगळे हसले. अण्णा म्हणाले, "न पडतील मघा तर वरती बघा. खरं तेच केलं तिनं." कॅलेंडर पूर्ण झाल्यावर काढलेल्या फोटोतही कोंबडीचा एक पाय आलाय. तेव्हापासून पिशवीत चिंचोके असतात. कोंबडी खात नाही, वाऱ्याने उडत नाहीत, पोरांना गोळा करायला सांगितले की फुकट मिळतात.

मग कामाची ओळ भरायला घेतली. कुणाला कधी काम असतं, बाहेर कधी जावं लागतं. दसऱ्यानंतरच्या चौकटीत अण्णांनी ओंजळभर चिंचोके ओतले. "एवढं गाव कारखान्याला." पुढच्या चौकटीत तेवढेच. मार्गशीर्षातही तेवढेच. मार्गशीर्ष म्हणजे आत्ता. मी उभी होते तो महिना.

त्यांना 'माणसं कुठायत' असं विचारायची गरजच नव्हती, कुलपं समोर होती. बीडमध्ये ऊसतोड आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो, गाळप हंगामात ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असतात, हे सगळं वाचलेलं. पण माझ्या वेळापत्रकात ते कुठेच नव्हतं. चेंबर्स यांनी १९८३ सालीच लिहून ठेवलंय की बाहेरचे लोक गावात येतात ते पावसाळा संपून रस्ते वाळल्यावर, त्यामुळे गरिबाचे सगळ्यात वाईट दिवस त्यांना दिसतच नाहीत. वर्गात मी त्याखाली रेघ मारली होती. इथे तर गरीबच दिसत नव्हता. शेळ्या मिळालेल्या १४ जणींपैकी गावात होत्या तीन.

१० तारखेला गाशा गुंडाळला. मार्गदर्शकांना फोनवर म्हटलं, माणसं परतल्यावर पुन्हा करते. त्या लगेच हो म्हणाल्या. अडचण पुढेच होती. अहवालाची मुदत ३१ मार्च. मुदतवाढीसाठी अर्ज, कारण, मार्गदर्शकांची शिफारस आणि फेरनोंदणीचे १,५०० रुपये. 'कारण' या रकान्यात 'लाभार्थी ऊसतोडीला' असं लिहिलं तर पलीकडून विचारणा आली की उरलेल्यांचं सर्वेक्षण करून भागणार नाही का. मी कॅलेंडरचा फोटो जोडला. तेवीस दिवसांनी मंजुरी आली, ३० जूनपर्यंत. ऑफिसात मात्र दुसऱ्यांदा सुट्टी मागताना बरंच ऐकून घ्यावं लागलं. त्या आठवड्यात सोडून द्यावं असं दोनदा वाटलं.

मार्चमध्ये गाड्या परतायला लागल्या. तेवढ्यात १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. बीडचं मतदान १३ मेला. ग्रामसेवक म्हणाले, ग्रामपंचायत नको, शाळा नको, तुमचं पत्र जुनं आहे, मला अडकवू नका. तहसीलमध्ये परवानगीचा अर्ज दिला, तो अजून तिथेच असावा. शेवटी बैठक हा शब्दच सोडला. माईक नाही, बॅनर नाही, कुणाच्या ओट्यावर सहा-सात जणी. खरं सांगायचं तर आचारसंहितेने माझं भलंच केलं. मोठ्या गटचर्चेत बोलतात ते पारावर बोलतात तेच. ओट्यावर इतर बोलतात.

पाडव्यानंतर, २२ एप्रिल ते ४ मे, गावात राहिले. ऊन असं की सकाळी सात ते नऊ आणि रात्री आठनंतर, एवढाच वेळ कामाचा. बायकांकडे रात्री साडेआठनंतर जा, भांडी झाल्यावर. आणि पहिला दिवस काही विचारू नका. मी एका घरी भाकरी थापायला बसले. तीन जाळल्या, दोन फाटल्या. माझ्या भाकरी बघायला शेजारच्या चौघी आल्या आणि तिथेच गट जमला.

त्यांच्या नकाशात देवळाआधी नळ आले. चार नळ, प्रत्येकापुढे हंड्यांच्या खुणा, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या नळापुढे नुसती फुली. ती वस्ती पारावरच्या नकाशात नव्हतीच. मी तो पेपर उलगडून दाखवला तर एकजण म्हणाली, "आमी कारखान्याला होतो ना, म्हणून घरं बी गेली आमची." बंधारे मात्र यांच्या नकाशात नव्हते. न राहवून विचारलं, बंधारा कुठाय? "तो शेतवाल्यांचा हाय की."

मग डोंगर काढला. वर चरांच्या रेघा, आणि त्याखाली कोळशाची एक जाड रेघ आडवी. मला वाटलं रस्ता असेल. ती चराईबंदीची हद्द होती. पाणलोटात झाडोरा वाढावा म्हणून चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करतातच, आणि ती चूक नाही. पण या गावात एकाच प्रकल्पाने एका हाताने भूमिहीन बायकांना शेळ्या दिल्या आणि दुसऱ्या हाताने त्या चारायचा डोंगर बंद केला. १४ पैकी नऊ जणींनी शेळ्या दोन वर्षांत विकल्या होत्या. प्रकल्पाच्या तक्त्यात हा आकडा 'शेळीवाटप : १४, उद्दिष्ट १००%' असा होता. तसला तक्ता मी शेकडो वेळा भरलाय.

चपाती आकृतीला इथे भाकरी म्हणायचं ठरलं. पुठ्ठ्याचे लहान-मोठे गोल, जो महत्त्वाचा त्याची भाकरी मोठी, जो जवळचा ती जवळ ठेवायची. सगळ्यात मोठी भाकरी मुकादमाची आणि ती घराला चिकटून. मुकादम चांगला म्हणून नव्हे. श्रावण-भाद्रपदात दुखणं-खुपणं निघालं, दुकानदाराने उधारी बंद केली, की उचल तोच देतो. त्याच्यामागे किराणावाला, गटाची अध्यक्ष, मग शाळा. ग्रामपंचायत लांब. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेची भाकरी आलीच नाही. मी विचारलं तेव्हा एकीने सगळ्यात छोटा गोल उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि दाराबाहेर ठेवला. "ते गेले की आता."

शिवार फेरीला मात्र पुरुषही आले, दोन मेंढपाळ आणि गटातल्या तिघी. वरून खाली, माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालायचं आणि वाटेत माती, पाणी, झाड, मालकी बघत जायचं. माथ्यावरचे चर अर्धे बुजलेले होते, पण गवत चांगलं होतं. एका बंधाऱ्यात गाळ किती हे मोजायला एकाने काठी खुपसली. काठी कंबरेएवढी आत गेली. त्याच बंधाऱ्याखालच्या शेतकऱ्यांचं म्हणणं, पूर्वी विहिरी संक्रांतीला तळ गाठायच्या, आता बऱ्या पावसाच्या साली होळीपर्यंत टिकतात, रब्बीत कांदा होतो. हे मी वरच्या दोन विहिरींशी ताडून पाहिलं, वीजबिलांतल्या मोटार चालल्याच्या महिन्यांशीही. खरं होतं. एकच गोष्ट तीन वेगळ्या वाटांनी तपासायची, पीआरएच्या भाषेत त्रिकोणीकरण, ही सवय मात्र लावून घ्या. नाहीतर नुसते रंगीत नकाशे हातात राहतात.

'सगळ्यात मोठा बदल कोणता' ही पद्धतही वापरली. प्रकल्पाचं नाव न घेता विचारायचं : गेल्या पाच वर्षांत तुमच्या आयुष्यात काय बदललं? एक बाई म्हणाली, पोरीला आता कारखान्याला नेत नाही, शाळेच्या हंगामी वसतिगृहात ठेवते. ती सरकारी योजना, या प्रकल्पाचा काडीचा संबंध नाही. तरी मी ती गोष्ट अहवालात पहिल्या पानावर घातली.

लिहिताना आठवडे गेले. चिंचोक्यांच्या गुणांकनात बायकांनी 'चारा' या ओळीत दहापैकी तीन ठेवले होते. पैसे देणाऱ्यांकडून सूचना आली, तेवढं '३०% लाभ' असं करा. क्रम लावायला ठेवलेल्या चिंचोक्यांची टक्केवारी होत नाही, हे समजावणारी तीन ईमेलं मी लिहिली, आणि त्यातली प्रत्येक लिहिताना आपण इतकी वर्षं नेमकं हेच केलंय हे आठवत होतं. शेवटी 'टक्केवारी' आणि 'गावाचे गुण' असे वेगळे तक्ते ठेवायचं ठरलं. चराईबंदीचा परिच्छेद गाळा असं मात्र कुणी म्हटलं नाही, फक्त पान १२ वरून २७ वर गेला. २९ जूनला अहवाल दिला.

अहवाल इंग्रजीत, ४३ पानं. गावासाठी मी मराठीत चार पानं केली आणि मोठे नकाशे. मूळ नकाशे गावातच ठेवले. कुणी काढले, कोणत्या तारखेला, हे कोपऱ्यात लिहून घ्या, आणि आपण फोटो घेऊन निघा. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शेवटची दहा मिनिटं मिळाली. सरपंच म्हणाले, वस्ती नकाशात नाही हे बाहेर गेलं तर गावाची बदनामी. गटाची अध्यक्ष उठून म्हणाली, मग नळ द्या, नकाशात आपोआप येईल. चराईबंदीची रेघ वर सरकवायचा विषय पुढच्या सभेवर गेला. काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

एकूण खर्च, हिशोबाच्या वहीतून : फी आणि फेरनोंदणी १०,०००, वर्गात राहणं-जेवण ३,५००, गावातला मुक्काम (जिच्याकडे राहिले ती घ्यायला तयार नव्हती, किराणा भरून दिला) २,८००, बस २,१००, ब्राऊन पेपर, मार्कर, रांगोळी, छपाई १,४००. बिनपगारी रजा धरली नाही. प्रमाणपत्र सप्टेंबरात आलं, आडनाव चुकलेलं. दुरुस्तीला १०० रुपये आणि पंधरा दिवस.

ते दुरुस्त होऊन यायच्या आधीच, सप्टेंबरच्या शेवटी, अध्यक्षबाईंचा फोन आला. त्या वर्षी दसरा १२ ऑक्टोबरला, गाड्या त्यानंतर निघणार, आणि वसतिगृह सुरू होतं ते माणसं गेल्यावर. मुख्याध्यापकांना अर्ज द्यायचाय, आधी सुरू करा म्हणून. "ताई, ते चिंचोक्यांचं कॅलेंडर पाठवा. अर्जाला लावतो."

पहिला, मार्गशीर्षातलाच फोटो त्यांना हवा होता, ओंजळ ओतलेला. कोंबडीचा पाय कापून पाठवू का विचारलं. "राहू द्या," म्हणाल्या, "कोंबडी आमचीच हाय."